ढालीवरचा थॉर : नॉर्स पुराणचित्रांची कुळकथा

नॉर्स पुराणांतील देवांच्या ज्या सर्वांत जुन्या रंगीत चित्रांचा शब्दांतून पुरावा मिळतो ती चित्रे ढालींवर होती आणि त्यांपैकी एकही ढाल आज उरलेली नाही. उरले आहे ते त्या ढालींचे वर्णन करणारे काव्य. नवव्या शतकातील नॉर्वेचा ब्रागी बोडासॉन हा स्काल्ड, म्हणजे राजाच्या किंवा सरदाराच्या पदरी असलेला कवी, याला एक चित्रित ढाल भेट मिळाली आणि तिची परतफेड त्याने ‘राग्नार्सड्रापा’ हे दीर्घ स्तुतिकाव्य रचून केली. पुढे ह्वीनीर येथील थ्योडोल्फ या कवीने आपल्याला मिळालेल्या ढालीवर ‘हाउस्टलोंग’ हे काव्य रचले, ज्यात इडुन या देवीचे अपहरण आणि थॉरने ह्रुंगनीर या राक्षसाशी केलेले द्वंद्व ही दोन दृश्ये वर्णिली आहेत. या रचनांचे जे भाग आज वाचता येतात ते आइसलंडचा इतिहासकार आणि कवी स्नोरी स्टुर्लुसॉन याने सन १२२० च्या सुमारास लिहिलेल्या ‘एड्डा’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात उदाहरणे म्हणून उतरवून घेतल्यामुळे वाचले. चित्रावरून शब्द झाले, चित्र गेले आणि शब्द राहिले. नंतरच्या प्रत्येक शतकातील चित्रकाराला याच शब्दांवरून पुन्हा चित्राकडे जावे लागले, आणि या कलाप्रकाराच्या साऱ्या कुळकथेचे मूळ या उलट्या प्रवासात आहे.

या परंपरेतील एक दृश्य आरंभापासून सतत भेटत राहते आणि ते म्हणजे थॉरची मासेमारी. मेघगर्जनेचा देव थॉर हा हिमीर नावाच्या राक्षसाला घेऊन नावेतून खोल समुद्रात जातो, बैलाचे मुंडके गळाला आमिष म्हणून लावतो आणि पृथ्वीला वेटोळे घालून बसलेल्या मिडगार्डच्या सर्पालाच ओढून वर काढतो, परंतु भेदरलेला हिमीर दोर कापतो आणि सर्प पुन्हा पाण्यात जातो. ब्रागीच्या कडव्यांत हा प्रसंग आहे आणि बहुतेक अभ्यासक तो त्याच ढालीवरचा मानतात. दहाव्या शतकाच्या अखेरीस आइसलंडमधील ह्यार्दारहोल्ट येथे ओलाफ नावाच्या धनिकाने बांधलेल्या दिवाणखान्यातही तो कोरलेला होता. ओलाफच्या मुलीच्या लग्नाच्या मेजवानीत उल्फ उग्गासॉन या कवीने भिंतींवरील आणि छतावरील त्या कोरीव चित्रांचे वर्णन करणारे काव्य म्हणून दाखवले, असे ‘लाक्सडाला सागा’ सांगते. भिंतींवर पडदे टांगलेले नसत तेव्हाच ते घर अधिक देखणे दिसे, ही त्या गद्यकथेतील नोंद त्या अनाम कारागिराला मिळालेली फार मोठी दाद आहे.

लाकूड कुजले, पण दगड टिकला. स्वीडनच्या उप्लांड प्रांतातील आल्टुना येथील अकराव्या शतकातील रूनशिलेवर, म्हणजे रून या प्राचीन लिपीत लेख कोरलेल्या दगडावर, नावेत उभा असलेला थॉर दिसतो आणि त्याचा पाय नावेच्या तळातून आरपार खाली गेलेला आहे. सर्पाने इतका जोर लावला की थॉरचे पाय तळ फोडून समुद्राच्या तळाला टेकले, हा तपशील स्नोरीने लिहिला आहे. आल्टुनाचा दगड त्याच्या कितीतरी आधी कोरला गेला असल्यामुळे स्नोरीने तो तपशील पदरचा घातलेला नाही, जुन्या परंपरेतून घेतला आहे, हे त्यावरून सिद्ध होते.

हे दगड आज करडे दिसत असले तरी मुळात ते रंगवलेले असत. लिनशॉपिंग येथील चर्चच्या भिंतींत चिणलेल्या काही तुकड्यांवर शेंदूर आणि काजळी यांचे अंश सापडले आहेत. भाषेचा पुरावा त्याहूनही बोलका आहे, कारण जुन्या नॉर्स भाषेत ‘फा’ या धातूचा अर्थ रंगवणे असा होता आणि रून कोरण्याच्या कामालाही तोच शब्द लावला जाई. नवव्या शतकातील र्‍योक येथील प्रचंड शिलेवर वारिन नावाच्या पित्याने मृत मुलासाठी ती ‘रंगवली’, असा उल्लेख त्याच क्रियापदाने केलेला आहे. सन १८८० मध्ये नॉर्वेत उत्खननातून निघालेल्या गोक्स्ताद जहाजाच्या दोन्ही बाजूंना मिळून ६४ ढाली होत्या आणि त्या आळीपाळीने पिवळ्या व काळ्या रंगांत रंगवलेल्या होत्या. ज्या लोकांची आजची प्रतिमा राखाडी धुके आणि गंजलेले लोखंड एवढ्यावर भागवली जाते ते लोक प्रत्यक्षात रंगांचे मोठे शौकीन होते, हे चित्रकारांनी विशेषकरून लक्षात घेण्यासारखे आहे.

सन १००० च्या सुमारास आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर देवांच्या चित्रांची पूर्वीची गरज संपली, तरी कथा हस्तलिखितांतून टिकल्या. प्राचीन देवकाव्यांचे मुख्य हस्तलिखित सन १६४३ मध्ये बिशप ब्रिन्योल्फुर स्वेनसॉन यांच्या हाती आले, सन १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेले आणि सन १९७१ मध्ये आइसलंडला परत मिळाले. या शोधानंतर आइसलंडमध्येच देवांची चित्रे पुन्हा काढली जाऊ लागली. सन १६८० मधील एका कागदी हस्तलिखितात आणि सन १७६५–६६ मध्ये याकोब सिगुर्डसॉन या शेतकऱ्याने स्वतः नकलून सजवलेल्या दुसऱ्या हस्तलिखितात ओडिन आणि लोकी हे देव, ओडिनचा आठ पायांचा घोडा आणि गळाला लागलेला सर्प ही सारी मंडळी हजर आहेत. या चित्रकारांना शरीरशास्त्र येत नव्हते, पुरातत्त्वाची त्यांना कल्पनाही नव्हती, आणि त्यांनी देवांना बव्हंशी ओळखीच्या माणसांसारखे कपडे घातले. तरीही नंतरच्या कलाशाळांतील चित्रांपेक्षा ही चित्रे अधिक सच्ची वाटतात, कारण कथा ज्या भाषेत जगल्या त्याच भाषेत ती माणसे विचार करीत होती.

युरोपच्या कलाशाळांपर्यंत हा विषय पोहोचला तो फ्रेंच भाषेतून. जिनिव्हाचे पॉल आंरी माले हे कोपनहेगन येथे प्राध्यापक असताना त्यांनी सन १७५५ आणि १७५६ मध्ये डेन्मार्कचा इतिहास व ‘एड्डा’चा परिचय प्रसिद्ध केला, ज्यात नॉर्स लोकांना केल्ट ठरवण्याची चूक होती, आणि ती सन १७७० च्या इंग्रजी भाषांतरात थॉमस पर्सी यांनी दुरुस्त केली. डॅनिश चित्रकार निकोलाई आबिल्डगार्ड यांनी सन १७७७ च्या सुमारास आउदुम्ला या आदिगायीचे दूध पिणारा यमीर हा आदिराक्षस रंगवला. रोममध्ये त्यांचे स्नेही झालेले हेन्री फ्यूसेली यांनी सन १७९० मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीला सदस्यत्वाची कृती म्हणून थॉरची मासेमारीच दिली. त्या चित्रातील थॉर विवस्त्र आणि पिळदार आहे, कारण फ्यूसेली यांनी वीरांचे शरीर मायकेलअँजेलोकडून शिकून घेतले होते. कथा उत्तरेची आणि देह रोमचा, असा तो संकर होता. नॉर्स पुराणांनी ग्रीक पुराणांची जागा घेतल्यास उत्तरेच्या वाङ्मयाचा लाभ होईल काय, हा प्रश्न कोपनहेगन विद्यापीठाने सन १८०० मध्ये निबंधस्पर्धेसाठी ठेवला, यावरून हा वाद किती ऐरणीवर आला होता हे कळते.

स्वीडनमध्ये या वादाला राजकीय धार आली. सन १८०९ मध्ये फिनलंड रशियाला गमावल्यावर दुखावलेल्या देशाने आपल्या प्राचीन वैभवात आधार शोधला आणि सन १८११ मध्ये स्टॉकहोममध्ये ‘गॉथिक संघ’ स्थापन झाला, ज्याच्या सभासदांपैकी एसाइआस टेग्नेर यांनी सन १८२५ मध्ये ‘फ्रिथ्योफ्स सागा’ हे काव्य पूर्ण केले. या प्रवाहाचा कळस सन १८७२ मध्ये दिसतो. त्या एका वर्षी मोर्टेन एस्किल विंगे यांनी थॉर आणि राक्षसांचे युद्ध, तर नॉर्वेचे पेटर निकोलाई आर्बो यांनी रात्रीच्या आभाळातून धावणारी देवांची उग्र फौज रंगवली. विंगे यांच्या सुमारे पाच मीटर उंचीच्या चित्रात थॉरच्या कमरपट्ट्यावर स्वस्तिक आहे. उत्तर युरोपातील पुरातन वस्तूंवर ते चिन्ह आढळत असे, आणि पुढच्या शतकात त्याला चिकटलेला भयंकर अर्थ त्या वेळी त्याला नव्हता.

व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांवरील शिंगांची कथाही याच काळातली आहे. प्राचीन ग्रीक-रोमन लेखकांनी गॉल टोळ्यांच्या शिरस्त्राणांवर शिंगे असल्याचे लिहिले होते आणि टेग्नेर यांच्या काव्याची चित्रे काढताना आउगुस्ट माल्मस्ट्रोम यांनी ती व्हायकिंगांच्या डोक्यावर ठेवली. सन १८७६ मध्ये बायरॉइट येथे रिचर्ड वाग्नर यांची चार संगीतनाटकांची ‘रिंग’ मालिका प्रथम पूर्ण सादर झाली, तेव्हा कार्ल एमिल डॉपलर यांनी केलेल्या वेषभूषेत शिंगे आणि पंख दोन्ही होते. ही वेषभूषा पाहून वाग्नर यांच्या पत्नी कोझिमा यांना अमेरिकेतील आदिवासी सरदारांची आठवण झाली, अशी नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. परंतु जगाने तीच प्रतिमा उचलली. पुरावा मात्र वेगळाच निघाला. डेन्मार्कच्या वेक्सो येथील दलदलीत सन १९४२ मध्ये सापडलेली शिंगांची दोन कांस्य शिरस्त्राणे इसवी सनापूर्वी ९०० च्या सुमाराची, म्हणजे व्हायकिंगांपेक्षा सुमारे सतराशे वर्षांनी जुनी आहेत, आणि सन १९४३ मध्ये नॉर्वेच्या येर्मुंडबू येथे मिळालेले व्हायकिंग काळातील लोखंडी शिरस्त्राण गोल टोपीसारखे असून डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी आहे, पण शिंगे नाहीत.

काळांची ही सरमिसळ चित्रकाराला महागात पडल्याचे उदाहरणही आहे. कार्ल लार्सन यांनी स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या जिन्याच्या भिंतीसाठी सन १९१५ मध्ये पूर्ण केलेले ‘मिडविंटरब्लूट’, म्हणजे ऐन हिवाळ्यातील बळी, हे प्रचंड चित्र वेगवेगळ्या युगांतील वस्तू एकत्र केल्याच्या टीकेनंतर नाकारले गेले, नंतर ते जपानमध्ये गेले आणि सन १९९७ मध्ये संग्रहालयाने ते विकत घेऊन त्याच भिंतीवर लावले. एका अर्थी टीकाकारांचे म्हणणे खरे होते. पण या परंपरेत सरमिसळ न केलेला चित्रकार शोधूनही सापडत नाही.

स्वीडनच्या गोटलंड बेटावरील चित्रशिला आज नॉर्स पुराणे रंगवणाऱ्या चित्रकारांचा मुख्य आधार आहेत. आठ पायांचा घोडा, शिडाची नौका आणि पेला पुढे करून स्वागत करणारी स्त्री यांच्या बाह्यरेषा तेथूनच उचलल्या जातात. मात्र या शिलांवरील कोरीव काम इतके झिजलेले आहे की सुने लिंडक्विस्ट यांनी सन १९४१–४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या ग्रंथासाठी छायाचित्रे घेण्यापूर्वी रेषा रंगाने भरून घेतल्या, आणि दगडावर नेमके काय आहे याचा त्यांनी लावलेला अर्थ त्या रंगासह पुस्तकांतून पुढे गेला. अलीकडे तिरप्या प्रकाशाच्या आणि त्रिमितीय मापनाच्या पद्धतींनी झिगमुंड ओएर्ल यांच्यासारखे संशोधक त्याच शिला पुन्हा वाचत आहेत आणि त्यांतील काही रेषा वेगळ्या आकृतींच्या असल्याचे दाखवून देत आहेत.