स्थावर संपदा विकासासाठीचे शिक्षण

स्थावर संपदा विकास म्हणजे जमीन मिळवून, परवानग्या व भांडवल उभे करून, तिच्यावर घरे, दुकाने किंवा कार्यालये बांधण्याचा आणि ती विकण्याचा अथवा भाड्याने देण्याचा व्यवसाय होय. हा व्यवसाय करणाऱ्यास विकासक किंवा बोलीभाषेत बिल्डर म्हणतात. कायद्यात त्यासाठी ‘प्रवर्तक’ ही संज्ञा आहे. भारतात प्रवर्तक होण्यासाठी कोणतीही पदवी अनिवार्य नाही. त्यामुळे या क्षेत्राकडे जाणारा एकच ठरलेला शिक्षणमार्ग नसून स्थापत्य, वास्तुकला, विधी आणि वाणिज्य अशा निरनिराळ्या शाखांतून त्यात प्रवेश होतो.

कायदेशीर चौकट

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी महारेरा हे प्राधिकरण करते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसल्यास किंवा सदनिका आठांहून अधिक नसल्यास प्रकल्पाला नोंदणीतून सूट मिळते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ती काढण्यासाठी अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल या तिघांची प्रमाणपत्रे लागतात. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेले संरचनात्मक दोष प्रवर्तकाने विनाशुल्क दुरुस्त करावयाचे असतात. मालकीहक्क सदोष निघाल्यास ग्राहकाच्या भरपाईच्या दाव्याला मुदतीचे बंधन नाही.

याउलट स्थावर संपदा एजंटांना महारेराने २०२३ पासून प्रशिक्षण व परीक्षा अनिवार्य केली आहे. विकासकाला तशी परीक्षा नसली तरी प्रकल्पाचे अंतिम उत्तरदायित्व त्याच्यावरच असते. तज्ज्ञ नेमता येतात. मात्र त्यांनी दिलेला अभिप्राय पारखण्याइतके ज्ञान स्वतःजवळ असावे लागते. शाखेच्या निवडीचे महत्त्व यातच आहे.

शिक्षणाच्या शाखा

* *स्थापत्य अभियांत्रिकी* : दहावीनंतर तीन वर्षांची पदविका किंवा बारावीनंतर चार वर्षांची पदवी. बांधकामाचा दर्जा, अंदाजपत्रक व वेळापत्रक यांची समज या शाखेतून येते.
* *वास्तुकला* : पाच वर्षांची पदवी. वास्तुविशारद म्हणून काम करण्यासाठी वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते.
* *विधी* : बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षे. सातबारा उतारा, फेरफार, मिळकत पत्रिका व खरेदीखत यांच्या तपासणीसाठी हे शिक्षण उपयुक्त ठरते. उदाहरणार्थ, भोगवटादार वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना हस्तांतरित करता येत नाही.
* *वाणिज्य व वित्त* : भांडवल, कर्ज, करआकारणी आणि रोख प्रवाह यांचा अभ्यास. सनदी लेखापालाचा अभ्यासक्रमही याच वाटेने जातो.
* *बांधकाम व्यवस्थापन* : पदवीनंतरचा पर्याय. निकमार ही या विषयाची संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली असून तिचे एक प्रमुख केंद्र पुण्यात आहे.

सोलापुरातील स्थिती

सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतन व वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (स्थापना १९८३) येथे स्थापत्याचे शिक्षण मिळते. दयानंद विधी महाविद्यालय तसेच हिराचंद नेमचंद वाणिज्य महाविद्यालय याच शहरात आहेत. २००४ मध्ये स्थापन झालेले सोलापूर विद्यापीठ आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. त्यामुळे अभियांत्रिकी, विधी व वाणिज्य या तिन्ही शाखांचे पायाभूत शिक्षण विद्यार्थ्याला गाव न सोडता घेता येते.

शहराजवळील कुंभारी येथील रे नगर हा विडी व वस्त्रोद्योगातील कामगारांसह असंघटित कष्टकऱ्यांसाठीचा ३०,००० घरांचा प्रकल्प आहे. त्याची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी १५,००० घरे लाभार्थ्यांना सुपूर्द करण्यात आली. जमीन, शासकीय अनुदान, लाभार्थ्यांचा हिस्सा, बांधकाम आणि पाणी-रस्त्यांसारख्या सुविधा यांची सांगड घातल्याविना असा प्रकल्प उभा राहत नाही, आणि ही सर्व कौशल्ये एका पदवीत सामावत नाहीत.

अनुभवाचे स्थान

पदवीच्या जोडीला बांधकामस्थळ, तलाठी व दुय्यम निबंधक कार्यालय आणि महापालिकेचा बांधकाम परवाना विभाग येथील कामकाजाचा प्रत्यक्ष परिचय आवश्यक मानला जातो. राज्याच्या बहुतांश भागांसाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. असे नियम वेळोवेळी बदलत असल्याने या व्यवसायात पदवीनंतरही अभ्यास सुरूच ठेवावा लागतो.

हे सुद्धा पाहा

* महारेरा
* सातबारा उतारा
* स्थापत्य अभियांत्रिकी
* सोलापूर महानगरपालिका