गायतोंडे यांचे स्वशिक्षण : प्रभावमीमांसेतील एक प्रश्न

स्वशिक्षित चित्रकार कोणास म्हणावे, या प्रश्नाचे रूढ उत्तर सोपे आहे : ज्याने कलाशाळेची पायरी चढलेली नाही, तो. या व्याख्येने वासुदेव संतू गायतोंडे स्वशिक्षित ठरत नाहीत. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९४८ साली संपादन केली होती. तथापि ज्या चित्रांमुळे भारतीय कलेच्या इतिहासात त्यांचे स्थान निश्चित झाले, त्या प्रकारची चित्रे काढण्याचे शिक्षण त्या शाळेत कोणी देत नव्हते. ते त्यांनी स्वतःच स्वतःला दिले. हे दुसरे शिक्षण कसे घडले आणि त्यात परक्या प्रभावांचा वाटा किती, हा येथील विचाराचा विषय आहे.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. वाढ मात्र मुंबईत, गिरगावातील चाळीच्या वातावरणात झाली. विद्यार्थिदशेत आणि तदनंतरच्या काही वर्षांत बसोहली व जैन लघुचित्रांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. या अभ्यासाची दिशा लक्षणीय आहे. लघुचित्रांतील कथा अथवा भाव त्यांनी घेतला नाही. आकृती बाजूला सारल्यावर सपाट रंगक्षेत्रांचे परस्परांशी जे प्रमाण उरते, त्याकडे त्यांचे लक्ष होते. १९५० साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा संबंध आला. परंतु त्या गटातील सूझा किंवा हुसेन यांच्याप्रमाणे मानवाकृतीत ते फार काळ रमले नाहीत. याच सुमारास पाउल क्ले यांच्या चित्रांनी त्यांना आकृष्ट केले. क्लेची रेषा आणि चिन्हसृष्टी त्यांच्या त्या काळातील कामात स्पष्ट दिसते. पुढे चिन्हेही गळाली, रेषाही गळाली. लघुचित्रांच्या बाबतीत जे घडले, तेच क्लेच्या बाबतीतही घडले : आधी स्वीकार, नंतर त्याग.

पाश्चात्त्य समीक्षेत गायतोंडे यांचे नाव पुष्कळदा मार्क रॉथ्को यांच्या नावाला जोडले जाते. जॉन डी. रॉकफेलर तृतीय निधीच्या शिष्यवृत्तीवर १९६४ साली ते न्यूयॉर्कला गेले, ही या मताची आधारभूत घटना होय. परंतु कालक्रम पाहता या मताला मर्यादा पडते. आकृतीपासून पूर्णतः मुक्त झालेली चित्रे ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस काढू लागले होते. १९६२ मधील त्यांचे एक चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९६३ सालीच, म्हणजे प्रवासापूर्वी, संग्रहात घेतले. अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्ज यांनीही १९६३ मध्ये भारतात त्यांची चित्रे पाहून त्यांची थोरवी न्यूयॉर्कच्या एका कलादालनाला पत्राने कळविली होती. यावरून रॉथ्कोशी परिचयच नव्हता असे सिद्ध होत नाही. ग्रंथ व नियतकालिके यांच्या द्वारे तो आधीही होऊ शकत होता. सिद्ध होते ते एवढेच की, न्यूयॉर्कने त्यांना मार्ग दाखविला नाही. ज्या मार्गावर ते होते, त्यावरील निश्चय फार तर दृढ केला.

त्या मार्गाचे दुसरे मूळ चित्रकलेबाहेर आहे. झेन विचाराचे त्यांना मोठे आकर्षण होते. गिरगावच्या परिसरातील निसर्गदत्त महाराज यांच्या सान्निध्याचा आणि रमण महर्षींच्या विचारांचा उल्लेखही त्यांच्या संदर्भात येतो. तथापि या विचारांची प्रतीके त्यांच्या चित्रांत शोधणे व्यर्थ होय. त्यांचा परिणाम विषयावर झाला नाही, कार्यपद्धतीवर झाला. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करीत. कुंचल्यापेक्षा चिंतनाला अधिक वेळ देत. रंग लावण्यासाठी ते रूळ आणि रंगपाते वापरीत. ओल्या रंगावर कागदाचे फाटके तुकडे ठेवून तो उचलीत. पातळ थरांवर थर चढवीत आणि खरवडीत. रंग लावणे आणि काढून घेणे या दोन्ही क्रियांना येथे सारखेच महत्त्व होते. आपल्या कलेला ‘अमूर्त’ न म्हणता ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणावे असा त्यांचा आग्रह होता, त्याचा अर्थ येथे उलगडतो. अमूर्तीकरणाला आरंभी एखादी वस्तू लागते. त्यांच्या चित्राचा आरंभ रंग आणि पृष्ठ यांपासूनच होत असे.

१९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७२ मध्ये ते दिल्लीस स्थायिक झाले आणि उत्तरोत्तर एकांतात राहू लागले. १९८४ च्या अपघातानंतर मोठ्या पटांवरील काम काही वर्षे थांबले. त्या काळात कागदावरील लहान रेखांकनांत त्यांचा शोध चालू राहिला. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४-१५ मध्ये त्यांचे सिंहावलोकनपर प्रदर्शन भरविले.

गायतोंडे यांच्या उदाहरणावरून प्रभावमीमांसेच्या पद्धतीविषयी एक गोष्ट ध्यानात येते. बसोहली, क्ले, झेन, रॉथ्को अशी नावांची मालिका रचली म्हणजे चित्रकाराचे स्पष्टीकरण झाले, असे नव्हे. प्रत्येक उगमापाशी त्याने काय घेतले याबरोबरच काय टाकले, आणि ते केव्हा टाकले, याचीही नोंद अभ्यासकाने केली पाहिजे. स्वशिक्षण या शब्दाला काही शास्त्रीय अर्थ असेल, तर तो या निवडीच्या इतिहासातच आहे. कलाशाळेच्या हजेरीपटावरून त्याचा निर्णय होणार नाही.