नव्या कारभाऱ्याची वाट पाहतांना



बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील शाळांतून मी जन्मभर इतिहास शिकविला. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यामुळें पांडित्याचा आव आणण्याची मला सोय नाहीं. फुटबॉल हा तर माझा विषयच नव्हे. आमच्या लहानपणीं आम्ही हुतूतू खेळलों, विटीदांडू खेळलों, क्रिकेटची कॉमेंट्री कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकली. फुटबॉल मात्र चित्रांतच पाहिला. असें असूनहि आज मी त्या खेळाविषयीं बोलणार आहें, याला कारण माझा एक पुतण्या.

सन २०१८ च्या ऑक्टोबरअखेरची गोष्ट. पुण्यास इंजिनियरिंग शिकणारा हा मुलगा दोन दिवसांसाठीं बारामतीस आला होता. जेवतांना, अंगणांत, रात्रीं अंथरुणावर, सर्वकाळ त्याचे डोळे हातांतल्या मोबाईलवर. शेवटीं मीं विचारलें, "अरे, परीक्षेचा निकाल लागावयाचा आहे का?" तो म्हणाला, "नाहीं अण्णा. आमचा कोच गेला. नवा कोण येतो तें पाहतों आहें."

'आमचा' या शब्दानें मी थबकलों. ज्या गृहस्थाविषयीं तो बोलत होता, ते मिगेल आंखेल पोर्तुगाल नांवाचे स्पेन देशचे प्रशिक्षक. एफ. सी. पुणे सिटी या संघाचा कारभार त्यांचेकडे आला आणि अवघ्या तीन सामन्यांनंतर तो काढून घेण्यांत आला. बालेवाडीचें क्रीडागार आमच्या गांवापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. पुतण्यानें त्या गृहस्थांस जवळून पाहिलेंहि नव्हतें. तरी ते गेल्याची हळहळ आणि नवा कोण येणार याची तळमळ त्याच्या चेहऱ्यावर अशी दिसत होती, कीं जणूं घरांतलेंच लग्न ठरावयाचें आहे!

विलायतेंत या अधिकाऱ्यास मॅनेजर म्हणतात, आपल्याकडे कोच म्हणतात. पूर्वीं इंग्लंडांत संघ निवडण्याचें काम बहुधा संचालकांची मंडळी करी. मॅनेजर हा चिटणिसासारखा. हर्बर्ट चॅपमन यांनीं आधीं हडर्सफील्ड व नंतर १९२५ पासून आर्सेनल या संघांत हें पद खऱ्या अर्थानें कारभाऱ्याचें केलें: खेळाडू कोण घ्यावयाचे, कसें खेळावयाचें, सर्व एका हातीं. तेव्हांपासून हार-जितीचें श्रेय आणि खापर दोन्हीहि त्याच एका डोक्यावर. अलेक्स फर्ग्युसन हे मँचेस्टर युनायटेडवर १९८६ च्या नोव्हेंबरांत आले. पहिला मोठा चषक मिळावयास १९९० साल उजाडलें. लोकांनीं धीर धरला व ते २०१३ पर्यंत राहिले. त्यांच्या जागीं आलेल्या डेव्हिड मॉइस यांना दहा महिनेहि मिळाले नाहींत.

पुतण्याकडून मीं पुण्याच्या संघाची वंशावळ उतरवून घेतली. संघ निघाला २०१४ सालीं, इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच वर्षीं. पहिले प्रशिक्षक इटलीचे फ्रांको कोलोंबा. दुसऱ्या वर्षीं, २०१५ त, इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट. १९९० च्या विश्वचषकांत बेल्जियमविरुद्ध अगदीं अखेरच्या क्षणीं गोल मारून यांनीं नांव कमावलेलें. २०१६ त स्पेनचे आंतोनियो हाबास. यांनीं कलकत्त्याच्या संघाला पहिल्याच वर्षीं विजेतेपद मिळवून दिलें होतें. परंतु तीन वर्षें तीन कारभारी होऊनहि शेवटच्या चार संघांत पुण्याचा शिरकाव झाला नाहीं. २०१७ त हंगामाच्या तोंडावर हाबासहि गेले व सर्बियाचे रान्को पोपोविच आले. या गृहस्थांचा पायगुण चांगला निघाला. संघ प्रथमच उपांत्य फेरींत पोंचला. मार्च २०१८ मध्यें बालेवाडीस बेंगळुरूशीं सामना बरोबरींत सुटला. परतीच्या सामन्यांत मात्र सुनील छेत्रीनें एकट्यानें तीन गोल केले आणि स्वप्न तेथेंच मोडलें.

कोणालाहि वाटेल कीं, ज्यानें इतकें केलें त्याला आतां तरी ठेवून घेतील. पण पोपोविच गेले. ब्राझिलच्या मार्कोस पाकेटा यांची नेमणूक जाहीर झाली; एकहि सामना न खेळवितां तेहि मायदेशीं एका संघाकडे निघून गेले. मग हे पोर्तुगाल. म्हणजे एका वर्षांत तीन मुखत्यार! पुण्यांत 'ऑरेंज आर्मी' नांवाची या संघाच्या चाहत्यांची एक मंडळी होती. नारिंगी कपडे घालून, ढोल घेऊन तीं पोरें सामन्याला जात. त्यांची दर नव्या नांवाबरोबर नवी आशा, नवा वादविवाद. माझ्या पुतण्यानें तर वहींत संभाव्य नांवांची यादी केली होती आणि प्रत्येकापुढें गुण मांडले होते. शाळेंत त्यानें इतकी काळजी घेतली असती, तर मीं त्याला दोन छड्या कमी मारल्या असत्या.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं मीं त्याला कऱ्हाकांठीं नेलें. तेथें बाबूजी नाईक बारामतीकरांचा वाडा उभा आहे. किल्ल्यासारखा बांधलेला असल्यानें लोक त्याला भुईकोटहि म्हणतात. वाड्यासमोर उभें राहून मीं त्याला सांगितलें, "बाबा, वाट पाहणारा तूं पहिला नव्हेस. या घरानेंहि एकदां एका नेमणुकीची वाट पाहिली होती, आणि ती तुझ्या कोचाहून बरीच मोठी होती."

तो प्रसंग असा. २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदाकांठीं रावेरखेडी येथें थोरले बाजीराव अकस्मात् वारले. वय अवघें चाळिशीच्या आंत. पेशवेपद रिकामें झालें आणि सातारच्या दरबारांत प्रश्न उभा राहिला, आतां कोण? बाजीरावांचे पुत्र बाळाजी, म्हणजे नानासाहेब, विशीच्या आंतले. वडिलांना पद मिळालें तेव्हां ते तरी विशीच्या आंतलेच होते. पण दरबारांत विरोधकहि होते. नागपूरकर रघूजी भोसले त्या वेळीं कर्नाटकांत मोहिमेवर होते. मे महिन्यांत दमलचेरीच्या खिंडींत त्यांनीं अर्काटचा नबाब दोस्त अली याला गारद केलें होतें. बाजीराव गेल्याचें कळतांच ते फौजेचा कांहीं भाग घेऊन सातारच्या रोखानें निघाले आणि त्यांनीं आपल्या पसंतीचें नांव पुढें केलें. तें नांव बाबूजी नाईक बारामतीकर यांचें.

नाईक हे सावकार, श्रीमंत, शिवाय पेशव्यांचे आप्त: त्यांचे बंधु आबाजी नाईक यांना बाजीरावांची बहीण भिऊबाई दिलेली होती. व्याह्यांचें घर, पण पैशाचा व्यवहार वेगळा. बाजीरावांच्या मोहिमा कर्जावर चालत आणि नाईकांचें मोठें देणें त्यांचे अंगावर होतें. बाबूजींनीं शाहू महाराजांना भारी नजराणा देऊं केला. दोन महिने हा घोळ चालला. त्या दोन महिन्यांत बारामतीच्या या गल्ल्यांतून काय कुजबूज झाली असेल, कोणीं काय पैजा लावल्या असतील, हें कोणीं लिहून ठेविलें नाहीं. बखरी सामान्य माणसाचें मन नोंदवीत नाहींत. माझ्या डोळ्यांपुढें मात्र दर सांजेला साताऱ्याकडच्या वाटेकडे पाहणारे इथले लोक उभे राहतात. आपला माणूस पेशवा झाला तर पाणी येईल, पागा येईल, पेठ वाढेल! अखेर जून १७४० मध्यें शाहू महाराजांनीं वस्त्रें नानासाहेबांना दिलीं. बारामतीचा पक्ष हरला.

पुतण्या ऐकत होता. मग त्यानें असा एक प्रश्न केला, कीं चाळीस वर्षांत माझ्या कोणा विद्यार्थ्यानें केला नव्हता. "अण्णा, पण कोणीहि आला असता तरी कर्ज तेंच राहिलें असतें ना?"

त्याला उत्तर देण्यासाठीं मला वाड्यावरून इंदापुराकडे वळावें लागलें. कारण माणूस बदलल्यानें काय बदलतें, याचा सर्वांत चोख पुरावा आमच्या इंदापूर तालुक्यांत आहे. इंग्रजी अमलाच्या आरंभीं प्रिंगल नांवाच्या विद्वान अधिकाऱ्यानें पुणें जिल्ह्याची जमीनमोजणी करून सारा ठरविला. पुस्तकी अर्थशास्त्र मोठें नामी होतें. पण दर इतके जड बसले कीं अवर्षणाच्या या मुलखांत कुणब्यांनीं जमिनी पडीक टाकल्या, गांवें सोडलीं. मग गोल्डस्मिड नांवाचा अधिकारी येथें आला. त्याच्या जोडीला विंगेट हा लष्करी इंजिनियर. सन १८३५ ते १८३६ या काळांत दोघांनीं इंदापुरांत नवी मोजणी केली, सारा उतरविला आणि तो तीस वर्षांसाठीं कायम केला. पडीक रानें पुन्हां नांगराखालीं आलीं. हीच पद्धत पुढें मुंबई इलाख्यांत पसरली. जुन्या सरकारी कागदांत इंदापूरचें नांव येतें तें यासाठींच.

आतां यश कोणाचें? गोल्डस्मिड हा भला माणूस होता, शेतकऱ्यांत मिसळे, हें खरें. परंतु त्यानें गोड बोलून जुनाच दर चालू ठेवला असता तर एकहि नांगर परत आला नसता. त्याला दर बदलण्याचा अधिकार मिळाला, आणि तीस वर्षें तो कोणी मोडणार नाहीं ही हमी मिळाली. म्हणून त्याचें नांव झालें. तीन सामन्यांची मुदत दिली असती तर गोल्डस्मिडचाहि पोर्तुगाल झाला असता.

तात्पुरता कारभार त्या वेळीं प्रद्युम्न रेड्डी यांचेकडे होता. डिसेंबरांत पुतण्याचा फोन आला: इंग्लंडचे फिल ब्राउन येणार! हल सिटी या संघाला त्यांनीं २००८ सालीं इंग्लंडच्या वरिष्ठ श्रेणींत नेलें होतें. एका सामन्याच्या मध्यंतरांत मैदानावरच खेळाडूंना बसवून, प्रेक्षकांदेखत झाडणारे गृहस्थ म्हणून ते प्रसिद्ध. मास्तर म्हणून मला ती हकीकत आवडली, हें कबूल करतों. वर्गांतलें वर्गांतच ठेवावें असें आमचें शास्त्र सांगतें, तरी मोह होतोच. ब्राउन आल्यावर संघ सावरला. सातवें स्थान मिळालें. त्या हंगामाची सुरुवात पाहतां तेंहि थोडें नव्हतें. पुतण्या म्हणाला, "पुढचें वर्ष आपलें."

पुढचें वर्ष उगवलेंच नाहीं. २०१९ च्या उन्हाळ्यांत पैशाच्या अडचणीच्या वार्ता येऊं लागल्या आणि ऑगस्टपर्यंत स्पष्ट झालें कीं एफ. सी. पुणे सिटी हा संघच राहणार नाहीं. लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली, आणि ब्राउनसाहेबहि तिकडेच प्रशिक्षक झाले. पोरें नव्या कारभाऱ्याची वाट पाहत होतीं, आणि दौलतच दुसऱ्या गांवीं गेली.

पुण्याला हें नवें नव्हतें. २००७ सालीं निघालेला पुणे एफ. सी. हा संघ गोमंतकाच्या डेरिक परेरा यांचे हाताखालीं २०१२-१३ त आय-लीगमध्यें दुसरा आला होता. २०१५ नंतर त्याचा वरिष्ठ संघ उरला नाहीं. भारत एफ. सी. तर २०१४-१५ हा एकच हंगाम खेळला. शिवाजीयन्स हे दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ त बाहेर पडले. चार संघ, पांच वर्षांच्या आंत. प्रत्येकाचे प्रशिक्षक नामांकित होते, हें लक्षांत घ्या.

कोल्हापुरास असें होत नाहीं. तेथें पाटाकडील तालीम आहे, खंडोबा तालीम आहे, दिलबहार आहे, बालगोपाल आहे. शाहू स्टेडियमवर या तालमींचे सामने लागले कीं पेठाच्या पेठा ओस पडतात. त्यांचे प्रशिक्षक कोण हें बाहेरच्या जगाला ठाऊकहि नसेल. पैसा बेताचा, भांडणें मात्र मुबलक. ती गोष्ट कोल्हापूरकरहि नाकारणार नाहींत. पण पाटाकडील तालीम उठून हैदराबादला जाईल काय? ती ज्या गल्लींत जन्मली त्या गल्लीचीच आहे. आमच्या पुणें जिल्ह्यानें संघ विकत आणले, प्रशिक्षक विकत आणले. तालीम मात्र बांधली नाहीं. हें माझें मत आहे, पुतण्याला तें मान्य नाहीं. तो म्हणतो, बालेवाडीस नारिंगी कपडे घालून येणारीं पोरें हीच तालीम होती, तुम्हांला ती दिसली नाहीं. कदाचित् त्याचेंहि खरें असेल.

संघ बंद झाल्याचें कळलें त्या आठवड्यांत तो पुन्हां बारामतीस आला. मोबाईल खिशांत होता. बराच वेळ गप्प बसून त्यानें विचारलें, "अण्णा, नेमणूक हुकल्यावर बाबूजी नाईकांनीं काय केलें?"

मीं सांगितलें, "काय करणार? त्यांनीं नानासाहेबांकडे आपल्या जुन्या कर्जाचा तगादा लावला. असा लावला कीं महादोबा पुरंदऱ्यांनीं आपली पत खर्चीं घालून पेशव्यांची सुटका केली, तेव्हां कोठें तो थांबला. नंतर याच नाईकांनीं पन्हाळ्याहून आलेल्या मोरोपंतांना आश्रय दिला, आणि पंतांनीं उरलेलें आयुष्य, १७९४ पर्यंत, याच गांवांत आर्या रचण्यांत घालविलें."

मार्च २०२२ मध्यें गोमंतकांत फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबादच्या संघानें केरळचा पेनल्टींवर पराभव करून लीगचें विजेतेपद मिळविलें. प्रशिक्षक तोंवर पुन्हां बदलले होते. आतां स्पेनचे मानोलो मार्केस होते. पुतण्यानें तो सामना आमच्याच घरीं पाहिला. शेवटची पेनल्टी झाली तेव्हां मी त्याच्याकडे पाहत होतों. तो उठला नाहीं कीं ओरडला नाहीं. थोड्या वेळानें म्हणाला, "जागा आपली होती," आणि दिवा मालवून झोंपावयास गेला.