अकबरकालीन चित्रशाळेतील श्रमविभाग व विद्येची देवाणघेवाण

अकबराच्या चित्रशाळेविषयी लिहिताना ‘इराणी व भारतीय शैलींचा समन्वय’ हे शब्द अभ्यासकांच्या लेखणीतून सहज उतरतात. परंतु शैली आपण होऊन एकत्र येत नाहीत. निरनिराळ्या परंपरांतील माणसांना एका कामास लावावे लागते. हे कसे घडले याचा पुरावा ग्रंथांच्या समासांत सापडतो.

हुमायूनने आश्रय दिलेले मीर सय्यद अली व ख्वाजा अब्दुस्समद हे इराणी चित्रकार या शाळेचे आद्य गुरू होत. १५६२ च्या सुमारास हम्झानाम्याचे काम सुरू झाले व ते सुमारे पंधरा वर्षे चालले. कापडावरील चौदाशेच्या आसपास मोठी चित्रे दोघा उस्तादांच्या हातून पुरी होणे शक्यच नव्हते. देशी चित्रकार घेणे व त्यांना शिकविणे ही गुरूंची केवळ उदारता नव्हे, ती कामाची निकड होती. पुढे अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदविलेल्या सतरा चित्रकारांपैकी तेरा हिंदू आहेत.

१५८२ मध्ये महाभारताच्या फारसी भाषांतराची आज्ञा झाली आणि विद्येचा ओघ उलटला. पंडितांनी संस्कृताचा अर्थ हिंदीतून सांगावा व नकीबखानादिकांनी तो फारसीत उतरवावा, अशी रीत होती. ‘रज्मनामा’ चित्रित करताना इराणी नमुने फारसे उपयोगी नव्हते. देवदेवतांची लक्षणे जाणणारा चित्रकारच येथे वाटाड्या ठरला.

या काळातील चित्रांखाली कारकुनांनी ‘तर्ह’ म्हणजे आराखडा व ‘अमल’ म्हणजे रंगकाम कोणाचे, हे नोंदविलेले आढळते. अकबरनाम्याच्या काही पानांवर चेहरे काढणाराचे तिसरे नावही येते. कामे दर आठवड्यास बादशहापुढे मांडली जात व त्यांवरून बक्षीस वा पगारवाढ ठरे. तेव्हा या नोंदींत कलावंतांचा गौरव शोधण्यापेक्षा हिशेब पाहणे अधिक सयुक्तिक. मात्र त्या हिशेबामुळेच दुय्यम कारागिरांची नावे उरली, हेही खरे. आराखडा ज्येष्ठाचा व रंग कनिष्ठाचा, या वाटणीत शिक्षणही आपोआप साधे. गुरूच्या रेषेवर हात चालविणे हाच पाठ.

पालखी वाहणाऱ्या कहाराचा पुत्र दसवंत भिंतींवर चित्रे काढीत असे. अकबराने त्यास अब्दुस्समदाच्या स्वाधीन केले आणि थोड्याच काळात तो अग्रगण्य ठरला. रज्मनाम्याचे अनेक आराखडे त्याचे आहेत. १५८४ मध्ये, मनोविकाराच्या भरात, त्याने स्वतःस खंजिराने जखमी करून घेतले व त्यातच त्याचा अंत झाला. अबुल फज्लने त्याची थोरवी गायिली आहे. त्याच्या रेषांत रंग भरणाऱ्या अनेकांना मात्र त्या सतरा नावांच्या यादीत स्थान नाही.