किरणाची धार आणि शक्तीचें माप

लेसर-किरणानें कापण्याचें यंत्र घ्यावयास निघालेला लहान कारखानदार पहिला प्रश्न विचारतो तो असा : "किती वॅटचें घ्यावें?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याचें उत्तर चुकलें, तर गांठचा पैसा आणि माल दोन्ही वायां जातात. हें उत्तर किंमतपत्रकांत शोधण्याआधीं थोडा इतिहास पाहणें हितावह ठरेल.

उद्दीपित अणूवर प्रकाश पडला असतां तो अणु त्याच जातीचा प्रकाश बाहेर टाकूं शकतो, हा सिद्धांत आइन्स्टाइन यांनीं १९१७ च्या सुमारास मांडला. त्यावर आधारलेला पहिला लेसर-किरण मात्र १६ मे १९६० रोजीं, अमेरिकेंत मॅलिबू येथें, थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कांडींतून काढला. १९६५ सालीं अशाच किरणानें, तार ओढण्यासाठीं वापरतात त्या हिऱ्याच्या साच्यांना भोकें पाडण्यांत आलीं.

सलग कापण्यास उपयोगी पडेल असा किरण शोधण्याचा मान एका बारामतीकराकडे जातो. कुमार पटेल यांचा जन्म बारामतीस १९३८ सालीं झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकून ते अमेरिकेस गेले. तेथें बेल प्रयोगशाळेंत १९६४ सालीं त्यांनीं कर्बद्विप्राणिद, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, वायूपासून किरण निर्माण केला. आरंभीं त्याची शक्ति अगदींच क्षुल्लक होती. परंतु नत्रवायु व हेलियम यांची जोड देतांच १९६५ मध्यें ती शंभर वॅटांपलीकडे गेली.

आतां खरी बोधप्रद गोष्ट ऐका. मे १९६७ मध्यें इंग्लंडांत पीटर हाउल्डक्रॉफ्ट यांनीं केवळ ३०० वॅटांच्या किरणानें एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून दाखविला. घरांतील विजेच्या इस्त्रीलाहि याच्या दुपटीहून अधिक शक्ति लागते! मग हें साधलें कसें? किरण भिंगानें एका बिंदूवर एकवटला होता, आणि त्याच बिंदूवर प्राणवायूचा झोत सोडलेला होता. तापलेलें लोखंड प्राणवायूंत जळूं लागलें, त्या ज्वलनाची उष्णता किरणाच्या मदतीस आली, आणि झोतानें वितळलेला रस खालीं उडवून दिला. तात्पर्य, पत्रा एकट्या वॅटांनीं कापला गेला नव्हता.

येथून पहिला धडा मिळतो तो गतीचा. कापाच्या प्रत्येक मिलिमीटरास किती उष्णता मिळते, हें शक्तीस गतीनें भागल्यास कळतें. ४० वॅटांचा किरण सेकंदास १० मिलिमीटर चालला काय, किंवा ८० वॅटांचा २० मिलिमीटर चालला काय, दोहोंचा हिशेब एकच. अधिक शक्ति घेऊन गति न वाढविल्यास प्लायवूडच्या कडा करपतात व कापाची फट रुंद होते. शक्ति कमी पडल्यास तुकडा खालून चिकटून राहतो.

दुसरा धडा पदार्थाचा. आज धातूच्या पत्र्यांसाठीं तंतु-लेसर, म्हणजे फायबर लेसर, प्रचारांत आहे. त्याच्या किरणाची तरंगलांबी पटेलांच्या किरणाच्या सुमारें एकदशांश असल्यानें धातु तो अधिक शोषतात. पण पारदर्शक अॅक्रिलिकमधून तोच किरण बहुतांशीं आरपार निघून जातो! म्हणून हजार वॅटांच्या तंतु-लेसरास जें साधत नाहीं, तें साठ वॅटांची वायुनळी सहज करिते. आणि पीव्हीसीसारखा पदार्थ तर कोणत्याच शक्तीवर कापूं नये. त्यांतून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायु माणसाच्या फुप्फुसांस व यंत्रास सारखाच घातक आहे.

तेव्हां कारखानदारानें आधीं स्वतःस विचारावें : मी काय कापणार, किती जाडीचें, आणि दिवसाला किती? मग रोजच्या कामास पुरून थोडी शिल्लक उरेल, इतकी शक्ति घ्यावी. कारण कांचेची वायुनळी नित्य पूर्ण शक्तीवर चालविल्यास लवकर निकामी होते. यंत्र आल्यावर त्याच मालाच्या रद्दी तुकड्यावर शक्ति व गति पायरीपायरीनें बदलून लहान चौकोन कापून पाहावे, आणि ज्या चौकोनाची कड स्वच्छ येईल त्याचे आंकडे वहींत टिपून ठेवावे. ३०० वॅटांत पोलाद कापलें गेलें तें अशाच मोजक्या, विचारपूर्वक योजनेनें. वॅट विकत मिळतात. त्यांचें माप मात्र ज्याचें त्यालाच ठरवावें लागतें.