नॉर्थ कॅरोलायनातील प्रतिनिधिगृह-निवडणुका
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नॉर्थ कॅरोलायना या आग्नेयेकडील घटक राज्यातून काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहासाठी, म्हणजे प्रतिनिधिगृहासाठी, दर दोन वर्षांनी होणाऱ्या निवडणुका. प्रतिनिधिगृहातील ४३५ जागा दर दहा वर्षांच्या जनगणनेनुसार घटक राज्यांत वाटल्या जातात आणि प्रत्येक जागेसाठी एकसदस्य मतदारसंघ आखला जातो. २०२० च्या जनगणनेनंतर नॉर्थ कॅरोलायनाच्या वाट्यास १४ जागा आल्या असून एका मतदारसंघाची लोकसंख्या सु. ७,४६,००० भरते. भारतात मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आयोग ठरवितो. नॉर्थ कॅरोलायनात मात्र हा अधिकार राज्य विधिमंडळाकडे आहे. तेथील गव्हर्नरला नकाराधिकार मिळाला तोच १९९६ मध्ये आणि सीमांकनाच्या कायद्यांना तो लागू होत नाही. त्यामुळे विधिमंडळात ज्या पक्षाचे बहुमत, त्याच्या हाती मतदारसंघांचा नकाशा, ही स्थिती कायम राहिली. या राज्याच्या निवडणुकांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या नकाशांचा आणि मतदानाच्या हक्काचा इतिहास आहे.

प्रारंभ : नॉर्थ कॅरोलायनाने संघराज्याचे संविधान २१ नोव्हेंबर १७८९ रोजी संमत केले. साहजिकच तेथील पहिली निवडणूक इतर बहुतेक राज्यांनंतर, १७९० च्या आरंभी झाली. त्या वेळी राज्याला पाच जागा होत्या. पश्चिमेकडील विभागातून जॉन सेव्हिअर निवडून आला. ॲपालॅचिअन पर्वतापलीकडचा हा प्रदेश पुढे टेनेसी राज्यात (१७९६) समाविष्ट झाला. १८१० च्या जनगणनेनंतर जागांची संख्या १३ झाली. पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत होणारे स्थलांतर आणि इतर राज्यांची जलद वाढ यांमुळे ती पुढे घटत गेली व १८६० च्या जनगणनेनंतर ७ वर आली. २० मे १८६१ रोजी हे राज्य संघराज्यातून फुटून निघाले. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये त्याला काँग्रेसमध्ये पुन्हा प्रतिनिधित्व मिळाले.

दुसरा मतदारसंघ : युद्धोत्तर पुनर्रचनेच्या काळात कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला. ते बहुसंख्येने रिपब्लिकन पक्षाच्या बाजूचे होते. विधिमंडळातील डेमॉक्रॅटिक बहुमताने १८७२ मध्ये ईशान्येकडील कृष्णवर्णीयबहुल परगणे एकाच, दुसऱ्या मतदारसंघात गोवले. एक जागा विरोधकांना सोडून उरलेल्या जागा सुरक्षित करणे, हा त्यामागील हेतू होता. ‘ब्लॅक सेकंड’ या नावाने हा मतदारसंघ प्रसिद्धीस आला. वॉरन परगण्यातील जॉन ॲडम्स हायमन (१८७४ मध्ये निर्वाचित), जेम्स ओहारा, हेन्री चीटम व जॉर्ज हेन्री व्हाइट हे चार कृष्णवर्णीय प्रतिनिधी तेथून निवडून आले.

१८९४ व १८९६ मध्ये रिपब्लिकन आणि शेतकऱ्यांचा पाठिंबा असलेला पॉप्युलिस्ट पक्ष यांच्या युतीने डेमॉक्रॅटिक वर्चस्वाला शह दिला. त्यावर उपाय म्हणून डेमॉक्रॅटिक पक्षाने १८९८ ची निवडणूक उघडपणे श्वेतवर्णीयांच्या वर्चस्वाच्या प्रश्नावर लढविली. निवडणुकीनंतर दोनच दिवसांनी, १० नोव्हेंबर रोजी, विल्मिंग्टन येथे सशस्त्र जमावाने निर्वाचित नगरशासन उलथून टाकले व अनेक कृष्णवर्णीयांना ठार केले. १९०० मध्ये राज्य संविधानात दुरुस्ती होऊन मतदारासाठी साक्षरतेची कसोटी आणि मतदान-कर यांची अट आली. १ जानेवारी १८६७ रोजी वा तत्पूर्वी ज्यांना मताधिकार होता, त्यांना व त्यांच्या वंशजांना साक्षरतेची अट काही वर्षे माफ होती. ‘पितामह कलम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सवलतीचा लाभ निरक्षर श्वेतवर्णीयांना मिळाला. कृष्णवर्णीय मतदार मात्र मतदारयाद्यांतून जवळजवळ नाहीसे झाले.

जॉर्ज व्हाइट याने जानेवारी १९०० मध्ये झुंडबळीच्या कृत्यांना संघराज्यीय गुन्हा ठरविणारे पहिले विधेयक मांडले, पण ते संमत झाले नाही. त्याने पुन्हा निवडणूक लढविली नाही. २९ जानेवारी १९०१ रोजी केलेल्या निरोपाच्या भाषणात त्याने आपला समाज एक दिवस राखेतून उठून काँग्रेसमध्ये परत येईल, असे भाकीत केले. त्याच्यानंतर २८ वर्षे काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. नॉर्थ कॅरोलायनातून असा सदस्य निवडून येण्यास ९१ वर्षे लागली.

एकपक्षीय वर्चस्व व त्याचा ऱ्हास : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डेमॉक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळणे म्हणजेच निवडून येणे, अशी स्थिती होती. पश्चिमेकडील डोंगराळ भागात रिपब्लिकन पक्षाचा थोडाफार जोर टिकून होता. प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या शक्यतो समान असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्यातील वेस्बेरी खटल्यात (१९६४) ठरविले. पाठोपाठ संमत झालेल्या मतदान हक्क अधिनियमाने (१९६५) राज्याच्या १०० पैकी ४० परगण्यांतील निवडणूकविषयक बदलांवर संघराज्यीय शासनाच्या पूर्वसंमतीचे बंधन आले. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर श्वेतवर्णीय मतदार क्रमाने रिपब्लिकन पक्षाकडे वळले. १९९४ मध्ये त्या पक्षाने १२ पैकी ८ जागा जिंकल्या.

सीमांकनाचे खटले : १९९० च्या जनगणनेनंतर विधिमंडळाने एक कृष्णवर्णीयबहुल मतदारसंघ आखला. संघराज्याच्या न्याय विभागाने त्यास हरकत घेतल्यामुळे दुसरा, बारावा मतदारसंघ निर्माण करण्यात आला. ८५ क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गालगत सु. २५० किमी. पसरलेला हा मतदारसंघ काही ठिकाणी महामार्गाहून फारसा रुंद नव्हता. १९९२ मध्ये पहिल्या मतदारसंघातून ईव्हा क्लेटन व बाराव्यातून मेल वॉट हे कृष्णवर्णीय उमेदवार निवडून आले. क्लेटन या हायमनप्रमाणेच वॉरन परगण्यातील होत्या, हा योगायोग लक्षणीय होय. शॉ विरुद्ध रेनो या खटल्यात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला, की केवळ वंशाच्या आधारावर आखलेल्या विचित्र आकाराच्या मतदारसंघास चौदाव्या घटनादुरुस्तीखाली आव्हान देता येते. १९९६ मध्ये बाराव्या मतदारसंघाची रचना अवैध ठरली. मात्र त्याची सुधारित रचना वंशापेक्षा पक्षीय हेतूने झालेली असू शकते, या कारणास्तव ती २००१ मध्ये मान्य झाली. जेथे वंश आणि पक्ष जवळजवळ एकरूप झालेले असतात, तेथे वैध व अवैध हेतू वेगळे करणे किती कठीण असते, हे या निर्णयांवरून स्पष्ट होते.

२०१० मध्ये शतकाहून अधिक काळानंतर विधिमंडळाची दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे आली आणि सीमांकनाचे साधनही त्यांच्या हाती गेले. २०१२ मध्ये डेमॉक्रॅटिक उमेदवारांना राज्यात एकूण मते अधिक मिळूनही १३ पैकी ४ जागाच मिळाल्या. पहिला व बारावा मतदारसंघ वांशिक आधारावर आखल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले. तत्पूर्वीच २०१६ मध्ये नवा नकाशा आला होता व तो पक्षीय लाभासाठी असल्याचे त्याच्या कर्त्यांनी लपविले नाही. रूचो विरुद्ध कॉमन कॉज या खटल्यात (२७ जून २०१९) त्याचा निर्णय लागला. मेरिलंडमधील डेमॉक्रॅटिक पक्षाच्या नकाशाविरुद्धची तक्रारही त्यात अंतर्भूत होती. पक्षीय हेतूने केलेली सीमांकने लोकशाही तत्त्वांशी विसंगत असली, तरी त्यांचे मोजमाप संघराज्यीय न्यायालयांच्या कक्षेबाहेरचे आहे, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी भिन्नमत नोंदविले.

यानंतर वाद राज्य न्यायालयांत गेला. त्यांच्या हस्तक्षेपामुळे २०२० मध्ये रिपब्लिकन व डेमॉक्रॅटिक पक्षांना अनुक्रमे ८ व ५, तर २०२२ मध्ये प्रत्येकी ७ जागा मिळाल्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील निर्वाचित न्यायाधीशांचे पक्षीय बलाबल पालटल्यावर त्याच न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये आपला पूर्वीचा निर्णय फिरविला. नव्या नकाशाखाली २०२४ मध्ये हे प्रमाण १० व ४ झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये विधिमंडळाने पुढील जनगणनेची वाट न पाहता पहिल्या मतदारसंघाच्या सीमा पुन्हा बदलल्या. क्लेटन यांच्यापासून १९९२ नंतर सातत्याने कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडणारा आणि जुन्या दुसऱ्या मतदारसंघाचा बराच भाग सामावून घेणारा हाच तो मतदारसंघ होय.

मतदारांच्या पसंतीत थोडाच बदल होऊनही जागांच्या वाटणीत मोठे चढउतार व्हावेत, असा या राज्याचा अलीकडील अनुभव आहे. १८७२ मध्ये विशिष्ट मतदार एका मतदारसंघात कोंडून आणि पुढे त्यांना मतदारयादीतून वगळून जे साधले, त्यातील पहिला उपाय मताधिकार सार्वत्रिक झाल्यावरही उपलब्ध राहिला. मताधिकार आणि मताचे मूल्य हे दोन स्वतंत्र प्रश्न असून पहिला सुटल्याने दुसरा आपोआप सुटत नाही, याचे नॉर्थ कॅरोलायना हे ठळक उदाहरण मानले जाते.