पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर : धाराशिवच्या गावांनी जगाला काय दाखवलं, आणि आपल्या घरात काय करायचं

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, म्हणजे गावात ज्याला 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतात तो, एका रात्रीत होत नाही. पहिली बारीक खूण दिसल्यापासून खरा कॅन्सर व्हायला बहुतेक बायकांत पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढा वेळ देणारे कॅन्सर फार थोडे. तरीही २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार बायका त्याने गेल्या. हा आजार वेळीच कसा पकडायचा, याचा जगातला एक मोठा पुरावा आपल्याच मराठवाड्यातल्या गावांमधून मिळालेला आहे. ही गोष्ट इकडच्याच लोकांना फारशी माहीत नाही.

बार्शी आणि धाराशिवची गावं

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या मदतीने इथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यातल्या गावांमध्ये कार्यकर्ते घरोघर जायचे, कोणाला कॅन्सर झाला त्याची नोंद घ्यायचे आणि जाता जाता लक्षणंही समजावून सांगायचे. बायकांमध्ये पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर किती जास्त आहे, हे या नोंदींतूनच पुढे आलं.

मग १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था असे तिघे मिळून तो करत होते. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या, काही त्रास नसलेल्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका त्यात होत्या. कुठल्या गटात कुठली तपासणी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. काही गटांत एचपीव्ही या विषाणूची तपासणी, काहींत पॅप टेस्ट म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, तर काहींत व्हीआयए, म्हणजे पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का ते बघणं. चौथ्या गटात तेव्हा जिल्ह्यात जे चालू होतं तेच, म्हणजे तपासणी नाही, फक्त माहिती.

तपासणी एकदाच झाली. त्यानंतर आठ वर्षं या बायकांवर लक्ष ठेवलं गेलं. निकाल २००९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला.

आकडे सावकाश वाचा. एचपीव्ही तपासणीच्या गटात १२७ बायकांना कॅन्सर सापडला आणि तपासणी न झालेल्या गटात ११८ जणींना. म्हणजे संख्या जवळपास सारखीच. फरक पडला तो कॅन्सर कुठल्या टप्प्यात सापडला त्यात. पुढे गेलेला कॅन्सर पहिल्या गटात ३९ जणींना होता, दुसऱ्यात ८२ जणींना. मृत्यू ३४ विरुद्ध ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मरणाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं.

पॅप टेस्ट आणि व्हीआयए एकदाच केल्याने मात्र मृत्यूत ठाम म्हणता येईल अशी घट दिसली नाही. शिवाय ज्यांची एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह आली त्यांच्यात पुढच्या आठ वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण, बाकीच्या दोन तपासण्यांत निगेटिव्ह आलेल्यांच्या साधारण एक चतुर्थांशच होतं. म्हणून एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह आली की पुढची बरीच वर्षं निर्धास्त राहता येतं, असं डॉक्टर सांगतात.

"आमच्याकडच्या बायका लाजतात, तपासणीला येत नाहीत" असं वाक्य आरोग्य खात्याच्या बैठकीत हमखास ऐकायला मिळतं. एचपीव्ही गटातल्या दहापैकी जवळपास आठ जणी तपासणीला आल्या होत्या. वीस वर्षांपूर्वी, धाराशिवच्या खेड्यांतल्या बायका. घरी येऊन नीट सांगितलं, गावाजवळ सोय केली, बघणारी बाई असली की बायका येतात.

या अभ्यासावर टीकाही झाली. एका गटातल्या तीस हजारांवर बायकांना तपासणीशिवाय ठेवून मृत्यू मोजणं बरोबर होतं का, असा प्रश्न परदेशातल्या डॉक्टरांनी उघडपणे विचारला. त्या वेळी जिल्ह्यात कुठलीच तपासणी चालू नव्हती, असं संशोधकांचं म्हणणं होतं. प्रश्न मात्र रास्त होता. ज्या गावांनी जगाला पुरावा दिला त्या गावांचं त्याबद्दलचं देणं अजून फिटलेलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोन बायकांचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती.

विषाणू नेमकं करतो काय

एचपीव्ही हा विषाणू या कॅन्सरचं मूळ आहे, हे जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी शोधलं. १९८३ मध्ये त्यांच्या गटाला या कॅन्सरच्या गाठीत एचपीव्ही-१६ सापडला, पुढे १८ नंबरचाही सापडला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या दोन प्रकारांमुळे जगातले साधारण ७० टक्के पिशवीच्या तोंडाचे कॅन्सर होतात.

आपल्या प्रत्येक पेशीत दोन राखणदार असतात. एक बिघाड दिसला की पेशीची वाढ थांबवतो किंवा पेशीच मारून टाकतो, त्याचं नाव पी-५३. दुसरा आरबी, तो पेशीला उगाच वाढू देत नाही. विषाणूचं ई-६ नावाचं प्रथिन पी-५३ ला नष्ट करतं आणि ई-७ हे आरबीला निकामी करतं. रात्री रानात दोन्ही राखणदार नसले की डुकरं काय करतात ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

पण विषाणू आला म्हणजे कॅन्सर झाला असं अजिबात नाही. दहातल्या नऊ जणींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला आपोआप हाकलून देतं. ज्या थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यात वर्षानुवर्षांनी बदल होत जातात. एचआयव्हीची लागण असलेल्यांत, तंबाखू-मिश्री लावणाऱ्यांत, लहान वयात लग्न आणि जास्त बाळंतपणं झालेल्यांत धोका वाढतो.

आता नाजूक मुद्दा. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात संशयाचं वादळ उठतं. तसं करायचं काहीच कारण नाही. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्या बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू होऊन जातो. तो वीस वर्षांपूर्वी आलेला असू शकतो, नवऱ्याकडून आलेला असू शकतो, आणि नवऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. एका ताटात जेवल्याने किंवा कपड्याने हा कॅन्सर पसरत नाही.

पिशवी काढण्याआधी विचारा

अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय म्हणून गेलेल्या बाईला "पुढे कॅन्सर होईल" अशी भीती घालून पिशवी काढायला लावणं, हे आपल्या भागातलं जुनं दुखणं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली. त्यात ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं असतं आणि गोळ्यांनी बरं होतं. तपासणीत कॅन्सरच्या आधीचा बदल सापडला, तरी बहुतेक वेळा पूर्ण पिशवी काढावी लागत नाही. तेवढाच भाग गोठवून किंवा गरम उपकरणाने जाळून काढतात. काही मिनिटांचं काम, बाई त्याच दिवशी घरी. डाग मोठा किंवा आतपर्यंत असेल तर विजेच्या तारेने तेवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात. उलट कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर पाळी एकदम बंद होऊन हाडं ठिसूळ होण्यापासून बरंच काही मागे लागतं.

म्हणून कोणी कॅन्सरचं नाव घेऊन ऑपरेशन सुचवलं, तर एकच विचारायचं : "एचपीव्ही, पॅप किंवा तुकड्याचा रिपोर्ट कुठाय?" रिपोर्ट नसेल तर आधी सरकारी किंवा कॅन्सरच्या दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं.

खरी धोक्याची लक्षणं अशी : शरीरसंबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी गेल्यावर परत लाल दिसणं, घाण वास येणारं पाणी जाणं. यातलं काहीही असेल तर शिबिराची वाट बघू नये. पाळी गेलेल्या म्हाताऱ्या बाईला परत रक्त दिसलं तर "उष्णतेने झालं असेल" म्हणून घरात बसवू नका.

तपासणी कुठे होते

सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या बायकांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आहे. पिशवीच्या तोंडासाठी व्हीआयए पाच वर्षांतून एकदा करायचं धोरण आहे. प्रत्यक्षात कुठल्या केंद्रात प्रशिक्षित सिस्टर आहे, कुठे नाही, हे आशाताईला नक्की माहीत असतं. तिलाच विचारा. व्हीआयएला फेकून देण्यासारखी तपासणी समजू नका. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी व्हीआयए करत होत्या. बारा वर्षांनी मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. फरक इतकाच, की ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली. त्यासाठीचा नमुना बाईला स्वतःही मऊ ब्रशने घेता येतो. लाजेचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. अडचण पैशाची आहे, कारण खासगीत ही तपासणी व्हीआयएपेक्षा कितीतरी महाग पडते.

झालाच तर

लवकरच्या टप्प्यात ऑपरेशन करतात. पुढच्या टप्प्यात शेक, म्हणजे रेडिएशन, बाहेरून आणि आतून, आणि त्याबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे औषध. टाटा मेमोरियलने तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायकांवर अभ्यास केला. फक्त शेक घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी ४६ टक्के जिवंत होत्या, शेकासोबत औषध घेतलेल्यांपैकी ५४ टक्के. २०२४ मध्ये आणखी एक निकाल आला. भारतासह पाच देशांतल्या ५०० बायकांच्या या अभ्यासात शेक सुरू करण्याआधी सहा आठवडे दोन जुनीच, माहितीतली केमोची औषधं दिली. पाच वर्षांनी जिवंत राहण्याचं प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेलं. ही औषधं नवीन इंजेक्शनांसारखी लाखांच्या घरातली नाहीत. मात्र ही पद्धत प्रत्येकीला लागू नाही, ते डॉक्टर ठरवतील.

आपल्याकडे घात होतो तो उपचार मध्येच सोडल्याने. शेक सुरू झाला की तो साधारण आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावा लागतो. पंधरा दिवस झाले, बरं वाटायला लागलं, सोयाबीन काढायला आलंय म्हणून बाई घरी परतली, तर मधल्या काळात गाठ परत वाढते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा.

मुलींची लस

लसीचा एक मोठा धडाही भारतातूनच मिळाला, तोही चुकून. २००९ मध्ये बार्शी, पुणे, मुंबईसह देशात नऊ ठिकाणी मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, याचा अभ्यास सुरू झाला. त्याच वेळी आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्या एका लस प्रकल्पात काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला आणि २०१० मध्ये सरकारने सगळीकडेच लसीकरण थांबवलं. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही. पण या अभ्यासातल्या हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसलं, की १६ आणि १८ नंबरच्या विषाणूच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण दिलं, दोन-तीन डोसांइतकंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यात या मुलींचा वाटा आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या देशी लसीलाही परवानगी मिळाली.

लस ९ ते १४ वयात सगळ्यात चांगली काम करते, कारण विषाणू यायच्या आधी ती द्यायची असते. तिने मूल होण्यात अडचण येते ही अफवा आहे. स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस पूर्ण झालेल्या मुलींमध्ये २०२४ पर्यंतच्या नोंदींत या कॅन्सरची एकही केस सापडली नव्हती. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच आहे, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही. आणि मुलीला लस दिली म्हणून आईची तपासणी झाली असं होत नाही. लसीची चौकशी करायला गेलातच, तर त्याच फेरीत आईचंही नाव नोंदवून या.